झुंबरबाईचं कोरं पान

एका जंगलात वानरांची एक टोळी राहत होती. कोणतं जंगल ते विचारू नका, मुलांनो. मागे एकदा नाव सांगितलं, तर तिथल्या वानरांनी येऊन माझ्या घराची कौलं काढली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे.

त्या टोळीत झुंबरबाई नावाची एक वानरी होती. वयाने मध्यम, मानाने मोठी, तोंडाने फटकळ. तिला एक धाकटी जाऊ होती, हौसाबाई. दोघींचं पटायचं का? जावाजावांचं पटतं तेवढं पटायचं. सकाळभर एकमेकींच्या चुका काढायच्या आणि दुपारी एकमेकींच्या उवा.

उवा काढणं हा टोळीचा जुना रिवाज होता. पोटं भरली की सगळ्या बायका वडाच्या आडव्या फांदीवर एकीमागे एक बसायच्या. मागचीची बोटं पुढचीच्या अंगातून फिरायची, मानेपासून शेपटीपर्यंत, काखेतून, छातीवरून. उवा निघायच्या, गोचीड निघायचे, काटे निघायचे. आणि वर्षातून एखाद्या वेळी बोट एका जागी थांबायचं. इथे काहीतरी टणक लागतंय गं, असं मागची म्हणायची. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून अस्वलवैद्याकडे जायच्या. वैद्याची नखं लांब आणि हात हलका. गाठ लहान असेल तर तो ती काढायचा, वर मध लावून पाला बांधायचा. महिन्याभरात बाई पुन्हा झाडावर चढायची.

इतकं साधं होतं ते. म्हणजे ते फार दिवस टिकणार नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

एके वर्षी टोळीत डॉक्टर धनेश आले. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, ज्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते. एवढं सामान तोंडावर असलं की माणूस न बोलताही विद्वान वाटतो. डॉक्टरांनी प्रत्येक वानरीच्या शेपटीचा एक एक केस उपटला आणि सहा महिने ते केस बघत बसले. मग त्यांनी सभा बोलावली.

आता खरं सांगायचं तर डॉक्टर त्या दिवशी खरं बोलले. ते म्हणाले, प्रत्येकीच्या अंगात राखणदार असतात. आत काही वावगं दिसलं की एक राखणदार दुसऱ्याला हाळी देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळे मिळून त्या वावग्या गोष्टीचा बंदोबस्त करतात. ही हाळी कशी द्यायची ते आईबापांकडून आलेल्या बीजात लिहिलेलं असतं. काहींच्या बीजात त्या ओळीतलं एक अक्षर वेगळं आहे. त्यांच्या राखणदारांची हाळी थोडी हळू जाते.

वानरांना हे लगेच समजलं, कारण टोळीचं कामच ते. उंच फांदीवर एकजण पहाऱ्याला बसायचा, बिबट्या दिसला की हाळी द्यायचा, आणि खाली हरणांसकट सगळे पळायचे.

"नेहमीचं अक्षर असलेल्या शंभर वानरींत साधारण आठजणींना छातीत गाठ होते," डॉक्टर म्हणाले. "हे अक्षर वेगळं असेल तर नऊजणींना. फरक एकीचा आहे. अजून पुष्कळ मोजावं लागेल."

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. तोवर अर्धी सभा चिंचा खायला उठली होती. उरलेल्या अर्ध्या सभेने नऊ हा आकडा घट्ट धरून ठेवला. आठ मात्र तिथेच झाडाखाली पडून राहिले, ते कुणी उचलले नाहीत.

टोळीचे प्रमुख आबासाहेब, दांडगे हुप्पे, उभे राहिले. मोजायचं ते नंतर मोजा, कोणाकोणाला आहे ते आधी सांगा, असं त्यांनी फर्मावलं. मग डॉक्टरांनी प्रत्येकीच्या नावाचं सागाचं एक पान तयार केलं. जिचं अक्षर वेगळं, तिच्या पानावर जांभळाच्या रसात चोच बुडवून एक ठिपका दिला. जिचं नेहमीसारखं, तिचं पान कोरं.

झुंबरबाईचं पान कोरं निघालं. हौसाबाईच्या पानावर ठिपका आला. झुंबरबाईला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जावेचा ठिपका बघून तो थोडा वाढला. तिने आपलं पान फांदीच्या अगदी टोकाला टांगलं, म्हणजे खालून जाणाऱ्या रानडुकरांनाही दिसावं.

पुढे काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण वानरांना वाटली नाही, तेव्हा सांगतो.

पहिल्यांदा सोयरिकी बदलल्या. पूर्वी मुलगी बघायला आले की ती उडी कशी मारते ते बघायचे. आता आधी तिच्या आईचं पान मागायचे. ठिपका दिसला की पाहुणे म्हणायचे, कळवतो. आणि कळवायचे नाहीत.

मग पहारा बदलला. हौसाबाईचा आवाज टोळीत सगळ्यात खणखणीत. तिने हाळी दिली की नदीपलीकडची हरणं पाणी प्यायची थांबायची. पण आबासाहेबांनी विचार केला, आणि तिथेच घोटाळा झाला. अंगातल्या राखणदारांची हाळी हळू, तर बाईची हाळी मोठी कशी असेल? त्यांनी हौसाबाईला पहाऱ्यावरून काढलं आणि त्यांचा एक दम्याने बेजार झालेला मामा तिथे बसवला. त्याच्या आईचं पान कोरं होतं. त्या महिन्यात बिबट्याने तीन पिल्लं नेली. बिबट्याला विज्ञानाची गोडी लागली ती तेव्हापासून.

आणि शेवटी उवा काढणं बंद झालं. ठिपकेवालीच्या अंगाला हात लावायला कुणी तयार होईना, बोटांना लागलं तर काय घ्या. कोऱ्या पानवालीला हात लावायचा तर तो तिचा अपमान. माझं पान कोरं असताना तू माझ्या छातीत काय चाचपतेस, असं झुंबरबाईच एकीला म्हणाली होती. तिने आपली बसायची फांदीही बदलली. हौसाबाई बिचारी दूरच्या एका अर्जुनाच्या झाडावर राहायला गेली.

एक गोष्ट मात्र आबासाहेबांनी केली. ठिपकेवालींना दर महिन्याला अस्वलवैद्याची तपासणी लावून दिली. कोऱ्या पानवालींनी वैद्याचा वेळ खाऊ नये, असा हुकूमही काढला. म्हणजे बघा, ठिपकेवालीला तपासणी मिळाली आणि तिचा मान गेला. कोऱ्या पानवालीला मान मिळाला आणि तिची तपासणी गेली. याला आबासाहेब समान न्याय म्हणत.

अशी सगळी घडी नीट बसली, आणि एके दिवशी अंग खाजवताना झुंबरबाईच्या बोटांना डाव्या छातीखाली काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं. टणक. हलवलं तर हलेना.

तिने हात काढून घेतला. पानाकडे बघितलं. पान कोरंच होतं. मग तिने पुन्हा हात लावला. चिंचोका तिथेच होता.

ती घाबरली. सकाळ होताच एकटीच वैद्याच्या गुहेकडे गेली.

गुहेच्या दाराशी साळिंदर बसायची. ती येणाऱ्याचं पान बघायची, तोंड बघायची नाही. तोंडं किती बघणार, तिला दिवसाला चाळीस पानं असायची. तिने झुंबरबाईचं पान उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. ठिपका नाही, पुढची कोण, म्हणाली. झुंबरबाईने हात छातीशी नेऊन सांगायला सुरुवात केली, तशी साळिंदरने पाठीवरचे काटे उभे केले. काट्यांपुढे कोण बोलणार? झुंबरबाई परत आली.

महिन्याभराने चिंचोक्याचा आवळा झाला. तेव्हा ती डॉक्टर धनेशांकडे गेली. डॉक्टरांचे तोवर पाच सत्कार झाले होते आणि सहावा ठरला होता. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांना आपले ते आठ आठवत होते. त्यांच्या डोळ्यांत ते क्षणभर दिसलेही. पण सहाव्या सत्काराच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"बाई, तुम्ही माझ्या अभ्यासात निरोगी गटात आहात," ते म्हणाले. "आता मध्येच आजारी पडून गट बिघडवू नका."

राहता राहिले आबासाहेब. ते म्हणजे तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, घरचेच. तिची मुलगी शेवंता, तिची सोयरीक तळ्यापलीकडच्या टोळीत ठरली होती. मुलाकडच्यांनी झुंबरबाईचं पान दोनदा उन्हात धरून बघितलं होतं. आबासाहेबांनी तिची पुरती समजूत काढली. आत्ता गाठीचा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, शेवंता घरात बसेल. एकदा लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. गाठ काय कुठे पळून जाते?

झुंबरबाई मूग गिळून घरी आली. तिला मरणाची भीती वाटत होती आणि मुलीचं लग्न मोडायचीही. दोन्हींत मोठी कोणती, ते तिला कळेना. डावा हात वर जाईना म्हणून ती एका हाताने झाडावर चढू लागली. टोळीतल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. कोऱ्या पानाच्या बाईकडे निरखून कोण बघतो?

पण दूरच्या अर्जुनावरून हौसाबाई बघत होती. पहाऱ्याची सवय. पहारा काढून घेतला तरी डोळे कुठे काढून घेतात? तिने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी झुंबरबाई ओढ्यावर पाणी प्यायला वाकली, तेव्हा ती खाली उतरली, न विचारता मागे येऊन बसली आणि जुन्या रिवाजाप्रमाणे बोटं फिरवू लागली.

झुंबरबाईने तिला लांब हो म्हणायला हवं होतं. आता रीतच तशी होती. पण किती महिन्यांनी अंगावरून कुणाचा हात फिरत होता. ती तशीच बसून राहिली. बोटं मानेवरून आली, काखेतून छातीखाली आली आणि थांबली.

"किती दिवस झाले, आक्का?"

"दोन महिने होऊन गेले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"तिघांना सांगितलं. तिघांनी माझं पान बघितलं."

हौसाबाईने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "त्या नऊजणींत मी असेन की नाही, देव जाणे. माझी दर महिन्याला तपासणी होते, अजून काही निघालं नाही. पण ते आठ कुणाच्या वाट्याचे होते, आक्का? कोऱ्या पानवालींच्याच ना?"

हे एवढं साधं गणित. सबंध टोळीत ते एका वाळीत टाकलेल्या बाईने केलं, कारण तिला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून विचार करायला वेळ होता.

मग हौसाबाईने आपलं ठिपक्याचं पान काढून जावेच्या हातात ठेवलं. उद्या तिच्याच तपासणीचा दिवस होता. तिच्या नावाने झुंबरबाईने जायचं, साळिंदर काही तोंड बघत नाही, असं तिने सांगितलं.

"अगं, पण नोंद तुझ्या नावावर होईल," झुंबरबाई म्हणाली. "टोळी तुला जगू देणार नाही."

"टोळीने करायचं राहिलंय काय? पोरीला स्थळ येत नाही, माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही पण बोलत नव्हता. घ्या ते पान."

झुंबरबाईला रडू फुटलं. दुखण्यापेक्षा तिला स्वतःचीच लाज जास्त वाटली. पण जीव प्यारा असतो, मुलांनो, आणि असावाच. तिने पान घेतलं.

दुसऱ्या दिवशी साळिंदरने विचारलं, हौसाबाई का? झुंबरबाई हो म्हणाली. जावेच्या नावाला ओ देताना तिला पहिल्यांदाच कमीपणा वाटला नाही.

अस्वलवैद्य तिला तिच्या लग्नापासून ओळखत होता. त्याने गाठ चाचपली, तिच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या पानाकडे बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला. "थोडं दुखेल, हौसाबाई," तो म्हणाला. "पण वेळेत आलात." त्याने गाठ काढली, मध लावला, पाला बांधला. माहेरी जाते असं घरी सांगून झुंबरबाई महिनाभर अर्जुनाच्या झाडावर पडून राहिली. हौसाबाईने तिला फळं आणून घातली, पाला बदलला. झुंबरबाई बरी झाली.

नोंद मात्र टोळीभर झाली. हौसाबाई, ठिपकेवाली, छातीत गाठ निघाली. डॉक्टर धनेशांना आनंद आवरेना. ठिपका बोलला होता. सातवा सत्कार ठरला. आणि खबरदारी म्हणून हौसाबाईने मुलीला घेऊन ओढ्याच्या पलीकडे राहायला जावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. हौसाबाईचं मत धरलं नव्हतं.

सत्काराच्या दिवशी आणखी एका व्यक्तीचा गौरव होता. कोऱ्या पानाची आदर्श निरोगी वानरी, सौभाग्यवती झुंबरबाई. आबासाहेबांनी तिच्या अंगावर केळीच्या पानांची शाल घातली आणि आरोग्याचं गुपित दोन शब्दांत सांगायला सांगितलं. समोर व्याही बसले होते. शेवंता बसली होती. ओढ्याच्या पलीकडे एका खडकावर हौसाबाई बसलेली दिसत होती.

झुंबरबाईने गप्प राहायचं ठरवलं होतं. मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं. पण पलीकडे बघितलं आणि तिला राहवेना. तिने शाल काढून खाली टाकली आणि डावा हात वर केला. खालचा व्रण सगळ्यांना दिसला.

"गाठ माझी होती," ती म्हणाली. "हौसाने मला तिचं पान दिलं म्हणून मी जिवंत आहे."

डॉक्टर धनेश उडी मारून जवळ आले. त्यांनी व्रण नीट बघितला. मग नोंद बघितली. मग झुंबरबाईचं पान बघितलं, आणि त्यांचा चेहरा निवळला.

"बाई, हा व्रण तुमचा नाही," ते म्हणाले. "नोंदीप्रमाणे तो हौसाबाईंचा आहे."

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. आबासाहेबांना तर भयंकर राग आला. दुसऱ्या बाईचा व्रण अंगावर मिरवणं खानदानी वानरीला शोभत नाही, असं त्यांनी सुनावलं. व्रण ज्याचा त्याला आठ दिवसांत परत करावा, अशी ताकीद दिली. व्याह्यांनी पान पुन्हा एकदा उन्हात धरलं, कोरं आहे याची खात्री केली आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर होईल असं सांगितलं. झालंही. जेवणात बोरं, करवंदं आणि कोवळा पाला होता.

लग्न लागलं त्याच दुपारी झुंबरबाई ओढा ओलांडून जावेकडे राहायला गेली. तिचं कोरं पान घराच्या फांदीवरच राहिलं. टोळीच्या नोंदीत ती अजून तिथेच राहते, निरोगी.

चार दिवसांनी टोळीतली एक बाई धुणं धुवायच्या निमित्ताने ओढ्यावर आली. वानरांना धुणं कसलं, असं विचारू नका, निमित्त ते निमित्त. तिचं पान कोरं होतं. ती हौसाबाईकडे पाठ करून बसली. हौसाबाईची बोटं फिरू लागली आणि एका जागी थांबली. तपासणीच्या दिवशी ती बाई हौसाबाईचं ठिपक्याचं पान घेऊन वैद्याकडे गेली. मग दुसरी आली. मग तिसरी. साळिंदरने एकदा फक्त एवढंच म्हटलं, हौसाबाई, अलीकडे तुम्ही कधी जाड दिसता, कधी बारीक.

दोन वर्षांत अस्वलवैद्याने हौसाबाईच्या सात गाठी काढल्या. सातही वेळा हौसाबाई बरी झाली. डॉक्टर धनेशांनी त्यावर मोठा निबंध लिहिला, एका ठिपक्याला सात गाठी, आणि तो चार जंगलांत वाचला गेला. हौसाबाईच्या अंगात मात्र आजवर एकही गाठ निघालेली नाही.

एक बाई होती, तिला ओढा ओलांडायची लाज वाटली. आबासाहेबांची थोरली सून. ती पावसाळ्याआधी गेली. तिचं पान कोरं होतं, तेव्हा नोंदीत कारण लिहिलं, पाय घसरून पडली.

तात्पर्य : मुलांनो, पान नेहमी कोरंच असावं, त्याने मान मिळतो, सोयरीक जुळते आणि मेल्यावर पाय घसरल्याचं मरण मिळतं. ज्यांना नुसतं जगायचं असेल, त्यांनी एखाद्या वाळीत टाकलेल्या बाईशी ओळख ठेवावी.